चौथी सीट आणि पॉड टॅक्सी

(तरुणांच्या शिबिरात केलेलं भाषण. बोलताना झालेली पुनरुक्ती काढली आहे, बाकी तसंच ठेवलं आहे.)



माझी ओळख करून देताना ताईंनी मला ‘वाहतूक तज्ज्ञ’ म्हटलं. मी तज्ज्ञ नाही. सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, पगार बँकेच्या अ‍ॅपमधले बग काढण्याचा मिळतो. वाहतुकीशी माझा संबंध इतकाच की मी कुर्ल्यात वाढलो, बीकेसीत नोकरी करतो आणि माझे अब्बा कुर्ला स्टेशन ते बीकेसी शेअर रिक्षा चालवतात. म्हणजे मी ज्या रांगेत उभा असतो त्या रांगेच्या दुसऱ्या टोकाला कधीकधी अब्बांचीच रिक्षा असते. पहिल्यांदा असं झालं तेव्हा मी पैसे द्यायला लागलो तर बाकीचे दोन पॅसेंजर बघत होते. अब्बांनी घेतले. म्हणाले, “धंदा आहे.”

विषय असा सुरू झाला. २०२४ च्या मार्चमध्ये बातमी आली की एमएमआरडीएने कुर्ला स्टेशन ते वांद्रे स्टेशन, बीकेसीमधून जाणाऱ्या पॉड टॅक्सीला मंजुरी दिली. ८.८ किलोमीटरचा उन्नत मार्ग, ३८ स्थानकं, खर्च हजार कोटींच्या थोडा वर, खासगी भागीदारीतून. सहा माणसांची छोटी गाडी, वेग ताशी ४० किलोमीटरपर्यंत. चालक नाही. अब्बांनी पेपर माझ्यासमोर ठेवला आणि एकच प्रश्न विचारला, “ही गाडी चालवतं कोण?”

मी म्हणालो, “सॉफ्टवेअर.”

ते म्हणाले, “म्हणजे तू.”

त्यांनी ते गमतीत म्हटलं होतं, पण मला काही दिवस झोप नीट लागली नाही. शेवटी ठरवलं की आधी ही चीज काय आहे ते समजून घ्यायचं, बाजूने किंवा विरोधात नंतर बोलू. आज जे सांगणार आहे ते त्या वाचनातून आणि अब्बांशी झालेल्या भांडणांमधून आलंय.

आपल्याला ही कल्पना नवी वाटते, पण ती आपल्या आईवडिलांच्या वयाची आहे. डॉन फिश्टर नावाच्या अमेरिकन माणसाने १९५० च्या दशकात तिच्यावर विचार सुरू केला आणि १९६४ मध्ये पुस्तक लिहिलं. मूळ विचार सोपा आहे. लोकल ट्रेनमध्ये तुम्ही ठाण्याला बसलात आणि दादरला उतरणार असलात तरी मधल्या प्रत्येक स्टेशनवर, दुसऱ्या कुणाला तरी चढा-उतरायचंय म्हणून, सगळी गाडी थांबते. हजारो माणसं शंभर माणसांसाठी थांबतात. फिश्टरसारख्या लोकांनी विचारलं, हे उलटं करता येईल का? गाडी छोटी करायची, दोन-चार-सहा माणसांची. स्थानक मुख्य मार्गावर ठेवायचं नाही, बाजूला फाटा काढून त्याच्यावर ठेवायचं. ज्याला उतरायचंय त्याचीच गाडी फाट्यावर वळेल, मागची गाडी न थांबता पुढे जाईल. आणि वेळापत्रक नाही. तुम्ही बटण दाबलं की गाडी येते, थेट तुमच्या ठिकाणी नेते. याला पीआरटी म्हणतात, पर्सनल रॅपिड ट्रान्झिट. चालक ठेवणं परवडत नाही, कारण सहा माणसांमागे एक पगार कोण देणार? म्हणून स्वयंचलित.

(इथे समोरून एका मुलाने विचारलं, “सर, पण सहा माणसांमागे नाही, तीन माणसांमागे एक पगार तर रिक्षात निघतोच ना?” हॉलमध्ये हशा झाला. त्या मुलाने माझं भाषण दहा मिनिटं आधीच सांगून टाकलं. त्याच्याकडे परत येतो.)

सगळ्यात जुना नमुना अजून चालतो. अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनिया राज्यात मॉर्गनटाउन म्हणून डोंगराळ, छोटं गाव आहे. तिथल्या विद्यापीठाचे कॅम्पस एकमेकांपासून लांब. मुलं बसने एका वर्गातून दुसऱ्या वर्गाला जायची आणि बस गावातल्या अरुंद रस्त्यात अडकायची. सॅमी इलायस नावाच्या प्राध्यापकांनी आग्रह धरला की इथे पीआरटीचा प्रयोग करू. केंद्र सरकारकडून पैसे आले. १९७२ ला अध्यक्षीय निवडणूक होती, सरकारला त्याआधी काहीतरी दाखवायचं होतं, म्हणून घाई झाली. ऑक्टोबरमध्ये उद्घाटनाचा कार्यक्रम झाला, निक्सनसाहेबांची मुलगी आली, पण लोकांसाठी गाडी सुरू झाली १९७५ ला. सुरुवातीचा अंदाज दीड-दोन कोटी डॉलरचा होता, पहिला टप्पाच सहा कोटींच्या पुढे गेला. निवडणुकीआधीचं उद्घाटन आणि फुगलेला खर्च, हे फक्त आपल्याकडेच होतं असं समजू नका.

पण गंमत अशी की ती गाडी चालली. सुरुवातीला तीन स्थानकं, नंतर पाच झाली. एकेरी मार्गिका मिळून साधारण १४ किलोमीटर, सत्तरच्या आसपास गाड्या. काँक्रीटच्या मार्गावर रबरी टायरने पळतात, विजेवर. थंडीत मार्गावर बर्फ साचू नये म्हणून काँक्रीटमधून गरम पाण्याचे पाइप नेलेत. मला त्यातलं सगळ्यात आवडलं ते तिथलं सॉफ्टवेअर. गाडी तीन पद्धतीने चालवता येते. गर्दीच्या वेळी ठरलेल्या वेळापत्रकाने. फारच कमी माणसं असली की बससारखी, प्रत्येक स्थानकावर थांबत. आणि मधल्या वेळात मागणीप्रमाणे. तुम्ही बटण दाबता, तुमच्या ठिकाणासाठीचं घड्याळ सुरू होतं. त्याच ठिकाणी जाणारी पुरेशी माणसं जमली तर गाडी लगेच निघते. नाही जमली तर ठरलेली मिनिटं संपली की आहे त्या माणसांना घेऊन निघते.

मी हे अब्बांना समजावून सांगितलं. ते चहा पीत होते. म्हणाले, “आम्ही तीन सीट भरायची वाट बघतो तसं.”

मी म्हणालो, “हो, पण इथे घड्याळ आहे, तुम्ही तर अनंतकाळ थांबता.”

“आमचं घड्याळ मागच्या रिक्षावाल्याचा हॉर्न.”

मग मी विचार करत बसलो आणि लक्षात आलं की ते शंभर टक्के बरोबर बोलत होते. शेअर रिक्षा म्हणजे पीआरटीच आहे. छोटी गाडी. वेळापत्रक नाही. मधे थांबा नाही. आणि कुर्ला स्टेशनच्या बाहेर सकाळी ऐकलंय का? “डायमंड, डायमंड! फॅमिली कोर्ट! एमएमआरडीए!” तो आरडाओरडा नाही, ती वर्गवारी आहे. ठिकाणाप्रमाणे माणसं एकत्र करायची म्हणजे गाडी भरून जाईल आणि वाटेत थांबावं लागणार नाही. मॉर्गनटाउनला हे करायला एक मोठं कंट्रोल रूम लागलं. आमच्याकडे घसा लागतो. आणि कायद्याने तीन सीट असताना चौथा माणूस ड्रायव्हरच्या शेजारी अर्ध्या फळीवर बसतो, ती ‘गर्दीच्या वेळची वाढीव क्षमता’. ते चुकीचं आहे, धोक्याचं आहे, मी स्वतः त्या फळीवरून पडता पडता वाचलोय. पण ती सीट का आहे हे समजल्याशिवाय पॉड टॅक्सीचं गणित समजणार नाही.

बाकीचे नमुने भराभर सांगतो. लंडनच्या हीथ्रो विमानतळावर २०११ पासून टर्मिनल ५ आणि गाड्यांच्या पार्किंगच्या मध्ये पॉड सुरू झाले: ३.८ किलोमीटर, २१ गाड्या, ३ स्थानकं, एका गाडीत चार माणसं. छान चालले, कारण काम छोटं होतं. अबू धाबीजवळ मसदर सिटीत २०१० ला सुरू झाले. योजना अख्ख्या शहरभर जाळं टाकायची होती, प्रवाशांसाठी दोन स्थानकांवर गाडी अडकली. दक्षिण कोरियात सुनचॉनला २०१४ ला बागेत फिरायला येणाऱ्यांसाठी ४० गाड्या आल्या, पुढे तोटा कुणी भरायचा यावरून कंपनी आणि नगरपालिका भांडल्या. आपल्याकडे अमृतसरला २०११ मध्ये स्टेशन ते सुवर्णमंदिर अशी घोषणा झाली होती, दिल्ली-गुरुग्रामच्या घोषणा तर तुम्ही ऐकल्या असतील. त्यातलं काही झालं नाही.

म्हणजे साठ वर्षांत जगभर हाताच्या बोटांवर मोजता येतील इतके नमुने. इंजिनिअर म्हणून मला प्रश्न पडला, कल्पना इतकी चांगली आहे तर अडतं कुठे? याचं एक उत्तर पॅरिसला आहे. तिथे आरामिस नावाचा प्रकल्प १९७० च्या सुमाराला सुरू झाला आणि १९८७ ला बंद केला. छोट्या गाड्या एकमेकींना जोडलेल्या नसतील पण इलेक्ट्रॉनिक्सच्या जोरावर जोडल्यासारख्या एकापाठोपाठ पळतील, असा बेत होता. ब्रुनो लातूर या समाजशास्त्रज्ञाने १९९२ ला त्यावर पुस्तक लिहिलं, एखाद्या खुनाच्या तपासासारखं. आरामिसला मारलं कुणी? मी ते पुस्तक कंटाळत सुरू केलं आणि दोन रात्रींत संपवलं. त्यातून मला जे उमगलं ते असं की सगळे अधिकारी, मंत्री, इंजिनिअर त्याच्यावर प्रेम करत होते, पण बारा-पंधरा वर्षं ‘ही गाडी नक्की कुणासाठी, कुठे’ यावर कुणी एकमेकांशी खरं बोललंच नाही. प्रत्येकाच्या डोक्यातली गाडी वेगळी होती.

दुसरं उत्तर जपानचं. तिथेही सत्तरच्या दशकात असा प्रयोग पुढे गेला होता, पण १९७८ ला सरकारने परवानगी नाकारली. कारण रेल्वेचा जुना नियम. त्याला इंजिनिअर लोक ‘विटांच्या भिंतीचा नियम’ म्हणतात. तुमच्या पुढची गाडी अचानक भिंतीवर आदळल्यासारखी जागच्या जागी थांबली असं धरून चालायचं, आणि तरीही तुमची गाडी तिला न धडकता थांबली पाहिजे, एवढं अंतर ठेवायचं.

आता हे आपल्या पॉडला लावू. वही असेल तर लिहून घ्या. ताशी ४० किलोमीटर म्हणजे सेकंदाला साधारण ११ मीटर. आत माणसं बेल्ट न लावता बसलीत, त्यामुळे ब्रेक एका मर्यादेपर्यंतच दाबता येतो, नाहीतर समोरच्याच्या मांडीवर जाऊन पडाल. त्या मर्यादेत गाडी थांबायला साधारण २५ मीटर लागतात. यंत्राला कळायला अर्धा सेकंद धरा, ५ मीटर. गाडीची लांबी ४ मीटर. झाले ३५ च्या जवळपास. म्हणजे दोन गाड्यांमध्ये तीन सेकंदांचं अंतर. तासाला १२०० गाड्या. प्रत्येकीत सहा. ७२०० माणसं तासाला! कागदावर झकास. पॉडच्या जाहिरातीत जे आकडे दिसतात ते असेच काढतात.

मी एका शनिवारी बसून हे सगळं पायथॉनमध्ये लिहिलं. मार्ग, स्थानकं, गाड्या, प्रवासी. चालवलं. पाच मिनिटांत कुर्ला स्थानक तुंबलं. मला वाटलं बग आहे. दोन तास बग शोधला. बग नव्हता.

काय होतं ते सांगतो. मार्गावरून तासाला १२०० गाड्या जाऊ शकतात, पण त्या भरायच्या कुठे? गाडी फाट्यावर येते, दार उघडतं, लोक चढतात, पिशवी ओढतात, दार लागतं, गाडी निघते, मागची तिच्या जागी येते. याला ४० सेकंद धरा, आणि कुर्ल्याला ४० सेकंद म्हणजे मी उदार होतोय. एका जागेवरून तासाला ९० गाड्या, ५४० माणसं. दहा जागा शेजारी शेजारी केल्या तर ५४००. आता समजा एका लोकलमधून बीकेसीला जाणारी ५०० माणसं उतरली. त्यांना ८४ पॉड लागतील. दहा जागांवरून मिनिटाला १५ पॉड निघतात. साडेपाच मिनिटं लागली. तेवढ्यात पुढची लोकल आलेली असते. आणि दहा पॉड शेजारी शेजारी उभे राहतील एवढी जागा कुर्ला पश्चिमेला कुठे आहे ते मला दाखवा. तिथे दहा पाणीपुरीवाले शेजारी शेजारी उभे राहू शकत नाहीत.

हे झालं प्रत्येक पॉड पूर्ण भरला तर. आता त्या मुलाचा प्रश्न. मॉर्गनटाउनला पाच स्थानकं आहेत, त्यामुळे एकाच ठिकाणी जाणारी माणसं पटकन जमतात. आपल्याकडे ३८. तुम्हाला सहाव्या स्थानकाला जायचंय, मला विसाव्या. एक तर आपण वेगवेगळ्या पॉडमध्ये बसू, म्हणजे ‘पर्सनल’ राहील पण गाडी अर्धी रिकामी जाईल. नाहीतर सहा जण जमेपर्यंत थांबू, म्हणजे शेअर रिक्षा झाली, फक्त एसी. नाहीतर एकाच पॉडमध्ये बसून प्रत्येकाच्या स्थानकावर थांबत जाऊ, म्हणजे बस झाली, फक्त महाग. या तिन्हीपैकी नक्की काय करणार आहेत, हा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो आणि त्याच्यावर कुणी बोलत नाही. चकचकीत चित्रात पॉडमध्ये नेहमी दोन माणसं बसलेली दाखवतात. लॅपटॉप घेऊन.

माझ्या प्रोग्रॅममध्ये आणखी एक गोची झाली. सकाळी सगळे स्टेशनकडून ऑफिसकडे जातात. मग गाड्या तिकडे साचतात आणि रिकाम्या परत आणाव्या लागतात. मी सगळ्या गाड्या मागणी आल्यावर बोलवत होतो, त्यामुळे त्या नेहमी उशिरा पोचायच्या. अब्बांनी स्क्रीनवरचे ठिपके थोडा वेळ पाहिले. म्हणाले, “बोलावल्यावर येतात? येड्या, सिग्नलला गाडी लागल्याची अनाउन्समेंट ऐकली की आम्ही उलटे वळतो.” म्हणजे मागणी यायच्या आधी. मी लोकलच्या वेळा प्रोग्रॅममध्ये टाकल्या, रांग बरीच कमी झाली.

दुसरी सुधारणाही त्यांचीच. “रमजानमध्ये बघ चालवून.” मी विचारलं, वेगळं काय? ते म्हणाले, इफ्तारच्या आधी पाऊण तास बीकेसीहून कुर्ल्याकडे एकदम लोट येतो. ऑफिसातली हाउसकीपिंगवाली, सिक्युरिटीवाले, डिलिव्हरीची पोरं, सगळ्यांना घरी पोचायचं असतं. आणि ती वेळ दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकते, रोज थोडी थोडी बदलते. हे कुठल्या सल्लागाराच्या एक्सेलमध्ये आहे का मला माहीत नाही. माझ्यात नव्हतं, आणि मी रोजे धरतो.

आता पॉडच्या बाजूने बोलायला हवं, नाहीतर तुम्ही म्हणाल की बापाची रिक्षा वाचवायला आलाय.

पहिली गोष्ट पाऊस. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, मिठी नदी कुर्ल्यात घुसली. मी तेव्हा शाळेत होतो. अब्बा दुसऱ्या दिवशी दुपारी घरी आले, रिक्षा तिसऱ्या दिवशी सापडली. इंजिनात गाळ होता. ती दुरुस्त करायला अम्मीच्या बांगड्या गेल्या. दरवर्षी तेवढा नाही, पण पाणी भरतंच. उन्नत मार्गावरची गाडी तेव्हा चालेल, रस्त्यावरची नाही.

दुसरी गोष्ट सुरक्षितता. ९ डिसेंबर २०२४ च्या रात्री कुर्ल्यात एस. जी. बर्वे मार्गावर बस गर्दीत घुसली. आमच्या वस्तीतल्या प्रत्येकाला त्या रात्रीचं काहीतरी आठवतं, मी त्यावर जास्त बोलणार नाही. पण माणसांच्या डोक्यावरून जाणारी, वेगळ्या मार्गावरची गाडी पायी चालणाऱ्याला चिरडत नाही, हे खरं आहे आणि साधं नाही.

तिसरी गोष्ट अम्मीचे गुडघे. ती रिक्षात चढू शकते, बसमध्ये नाही. पॉडचा दरवाजा फलाटाच्या पातळीत असतो, व्हीलचेअर थेट आत जाते. पण फलाट वर आहे. लिफ्ट असेल का, आणि असली तर चालू असेल का? कुर्ल्याच्या लोकांना सरकत्या जिन्याबद्दल मी काय सांगू.

आपाचा प्रश्न वेगळा होता. ती रात्री अकराला शिफ्ट संपवते. तिने विचारलं, “मी एकटी बसले आणि पुढच्या स्थानकावर कुणी चढलं तर? रिक्षात निदान ड्रायव्हर असतो. ओरडले तर रस्त्यावर माणसं असतात. इथे मी हवेत, बंद डब्यात.” खऱ्या पीआरटीत मधे कुणी चढत नाही, ती थेट जाते, म्हणून उलट ती जास्त सुरक्षित असू शकते. पण ती खरी पीआरटी असेल की डब्याची बस, हा मघाचाच प्रश्न. बघा, जो प्रश्न मी गर्दीच्या गणितातून काढला, तोच आपाने एका वाक्यात काढला.

आणि हवेत अडकायचं झालं तर? १९ ऑगस्ट २०२५ ला चेंबूरकडे मोनोरेल दोन स्थानकांच्या मध्ये बंद पडली, पावसात, पाचशेहून जास्त माणसं आत. मर्यादेपेक्षा जास्त वजन झालं होतं. अग्निशमन दलाने शिड्या लावून उतरवलं. मोनोरेल २०१४ ला आली तेव्हा तीही भविष्यातली गाडी होती. जगात फार थोड्या कंपन्या बनवतात अशी वस्तू घेतली की सुट्या भागांसाठी त्यांच्या दारात उभं राहावं लागतं. मोनोरेलने वर्षानुवर्षं ते भोगलं. मॉर्गनटाउनलाही सत्तरच्या दशकातले संगणक पुढे बदलावे लागले. आमच्या सॉफ्टवेअरवाल्यांची ही जुनी ओळख आहे: पहिलं व्हर्जन सगळ्यांना लिहायचं असतं, दहाव्या वर्षी ते सांभाळायला कुणी नसतं.

आता पैशांचं. किलोमीटरला २१ रुपये भाडं धरल्याचं वर्तमानपत्रांत आलं होतं. तीन किलोमीटर धरा, ६३ रुपये. जाऊन-येऊन १२६. महिन्याचे २६ दिवस, ३२७६ रुपये. बेस्टच्या एसी बसचं किमान भाडं २०२५ च्या वाढीनंतर १२ रुपये झालंय, त्याच महिन्याचे होतात ६२४. मी ३२७६ देऊ शकतो. माझ्या ऑफिसात फरशी पुसणाऱ्या खाला बेहरामपाड्यातून येतात. त्या आत्ताच अर्ध्या वाटेपर्यंत चालत जातात, बसचे १२ वाचवायला. पॉडचा मार्ग त्यांच्या घराजवळून जाईल, खांब त्यांच्या गल्लीच्या तोंडाशी असेल, आणि त्या सावलीतून चालत येतील. सावली मिळेल, तेवढं खरं.

माझं मत विचारलंत तर, ते सांगून टाकतो. मर्यादित गर्दी असेल, ठिकाणं थोडी असतील, तिथे ही गाडी उत्तम आहे. विमानतळ, विद्यापीठ, मोठं हॉस्पिटल. बीकेसीच्या आतल्या आत फिरायलाही कदाचित चांगली. पण लोकलमधून उतरणारा लोंढा उचलायला ती बनलेलीच नाही. त्याला बस लागते, भरपूर बस, आणि बसला मोकळी लेन. ते स्वस्त आहे आणि त्याचं उद्घाटन करायला कुणी येत नाही. बीकेसीतल्या सायकल ट्रॅकवर सायकली कमी आणि उभ्या मोटारी जास्त दिसायच्या, ते ज्यांनी पाहिलंय त्यांना मी काय म्हणतोय ते कळेल. आणि मेट्रो ३ बीकेसीला आली, छान झालं, पण ती कुर्ला स्टेशनला येत नाही.

अब्बांच्या धंद्याचं काय, हे कुणीतरी विचारणारच. अब्बा मिरजेकडून आले, कुर्ल्यात एका कारखान्यात लागले, तो बंद पडला, मग बॅज काढला. त्यांचं एक काम आधीच गेलंय, त्यामुळे ते घाबरत नाहीत, निदान तसं दाखवत नाहीत. मी त्यांना म्हणालो, पॉड आले तरी रिक्षा राहतील, माझं गणितच सांगतं की पॉड सगळी गर्दी उचलू शकत नाहीत. ते म्हणाले, “गर्दी उचलता आली नाही तर खालचा स्टँड हलवतील, म्हणजे वर गर्दी दिसेल.” मला हे सुचलं नव्हतं. मंजुरीच्या कागदांत स्टँडचं काय होणार हे मी शोधतोय. एका कार्यालयात दोनदा जाऊन आलो. पहिल्यांदा साहेब मीटिंगमध्ये होते, दुसऱ्यांदा मला विचारलं की तुम्ही कोणत्या संघटनेचे. मी म्हणालो, प्रवासी आहे. ते म्हणाले, मग ठीक आहे, अर्ज ठेवून जा.

त्या अर्जात चार प्रश्न आहेत. पॉड मधे थांबणार की थेट जाणार? कुर्ला स्थानकावर चढण्यासाठी किती जागा? लिफ्ट बंद असेल तर स्थानक चालू धरणार का? आणि पासाची सवलत असेल का, असली तर कुणाला? हेच चार प्रश्न माहितीच्या अधिकारातही टाकलेत.

पण प्रश्न विचारायला आपल्याकडे स्वतःचे आकडे हवेत. माझ्या प्रोग्रॅममध्ये ५०० माणसं मी ‘समजा’ म्हणून टाकलीत. खरी किती ते मला माहीत नाही, आणि ती मोजणं अवघड नाही. म्हणून येत्या मंगळवारी सकाळी आठ ते अकरा, कुर्ला पश्चिमेला, आम्ही सात जण मोजायला उभे राहणार आहोत. प्रत्येक लोकलनंतर बीकेसीकडे किती माणसं जातात: रिक्षाने किती, बसने किती, चालत किती. बायका किती, पिशव्या घेऊन किती. अकरा जण झालो तर बसस्टॉपही धरता येईल. मागे बसलेल्या मुलींपैकी कुणी आलं तर फार बरं, कारण आमच्या सातात एकच मुलगी आहे आणि ती म्हणते मी एकटी सगळ्या बायका मोजणार नाही. वही आणि पेन आणा, मोबाईलवर मोजू नका, गर्दीत हातातून जातो. छत्रीपेक्षा रेनकोट बरा. चहा स्टँडवर अब्बांकडून आहे, त्यांनी स्वतः सांगितलंय. पण रिक्षाचं भाडं द्यावं लागेल.